समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मंडळाने मला ‘अभ्यासाचा ताण आणि मुले’ हा विषय दिला होता. त्यावर आपण वर्षभर ऐकतच असतो. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी त्यातल्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे. मूल समुपदेशकाला जे सांगते, ते कळण्याचा हक्क कोणाकोणाला आहे?

मुंबईच्या सिद्धिविनायकाला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. तिथे भाविक उंदीरमामाच्या एका कानात इच्छा सांगतात आणि त्याचा दुसरा कान हाताने झाकून धरतात. सांगितलेले दुसऱ्या कानातून बाहेर जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. समुपदेशनाचा पहिला नियम हाच आहे. तो मोडला की काय होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. ती चूक आज सांगते.

मी इथे इंदूरला एका महाविद्यालयात नवीनच लागले होते. एक मुलगा माझ्याकडे यायचा. बाहेरगावचा, भंवरकुआंला खोली घेऊन राहणारा. दोन विषय राहिलेले आणि घरी पत्ता नाही. चौथ्या भेटीत तो म्हणाला की त्याला इंजिनियरिंग सोडायचे आहे. जिवाला धोका वाटावा असे त्याच्या बोलण्यात काही नव्हते. त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी चहा घेताना सहज विचारले, “तो तुमच्याकडे येतो ना? काय झालेय त्याला?” माणूस चांगला, हेतूही चांगला. मी सांगून टाकले. त्यांनी काळजीपोटी वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी वडील पहिल्या गाडीने हजर.

संध्याकाळी तो मुलगा माझ्या दारात उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, “मॅडम, मैंने तो सिर्फ आपको बताया था.” त्यानंतर तो कधीच आला नाही आणि त्या वर्षी त्याच्या वर्गातले दुसरे कोणीही माझ्या खोलीकडे फिरकले नाही. एका मुलाची गोष्ट फुटली की चाळीस मुलांची दारे बंद होतात.

तेव्हा मला वाटले होते की हा केवळ माझ्या व्यवसायाच्या नीतीचा प्रश्न आहे. आज तो हक्काचाही प्रश्न आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला. आता प्रत्येक उदास मूल काही आजारी नसते. पण ज्याला नुसता परीक्षेचा धसका बसला आहे, त्याचे गुपित कमी मोलाचे कसे?

विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातलीच एक. म्हणजे खोली मिळेल, दारावर पाटी लागेल. पण आत बोललेले स्टाफरूममध्ये पोहोचणार असेल, तर त्या खोलीत कोण येईल?

मात्र प्रत्येक गुपित ठेवायचे नसते, हेही स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात एका विद्यार्थ्याने, तोही भारतातून गेलेला, एका मुलीला मारण्याचा विचार मानसोपचारतज्ज्ञाला बोलून दाखवला. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, पोलिसांनी त्याला सोडून दिले, आणि त्या मुलीला कोणीच सावध केले नाही. १९६९ साली तिचा खून झाला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्याच्यावर संकट आहे त्याला वाचवण्यासाठी वाजवी पावले उचलणे हे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे. आपल्या २०१७ च्या कायद्यातही जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर अपवाद आहे. पण सांगायचे ते गरजेपुरतेच. शिवाय अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे. शाळकरी मुलांच्या बाबतीत आई-वडिलांचा अधिकारही अर्थातच मोठा असतो.

म्हणून आता मी पहिल्या भेटीतच मुलांना सांगते, “तुझे बोलणे माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, तर मला सांगावे लागेल. आणि शक्य असेल तर ते आधी तुला सांगून.” यामुळे मुले घाबरून निघून जातील, अशी मला भीती होती. तसे झाले नाही. सीमा कुठे आहे हे कळले की माणूस मोकळेपणाने बोलतो.

आता पालक म्हणतील, “आम्ही आई-बाप आहोत, आम्हाला कळायला नको?” याचे उत्तर मी समुपदेशक म्हणून नाही, आई म्हणून देते. दोन वर्षांपूर्वी पुण्यात शिकणारी माझी मुलगी फोनवर म्हणाली, “आई, मी इथल्या काउन्सेलरकडे जाते आहे.” माझे हातपाय गार पडले. ती काउन्सेलर माझ्या ओळखीची होती. एक फोन केला असता तर सारे कळले असते. मी नंबर काढला, बराच वेळ फोन हातात धरून बसले आणि ठेवून दिला. मुलीला फक्त एवढेच विचारले, “जिवाला काही नाही ना ग?” ती “नाही” म्हणाली. दिवाळीत करंज्या करताना तिने आपणहून अर्धे सांगितले. उरलेले अर्धे अजून तिच्याजवळच आहे, आणि ते तिचेच आहे.

तेव्हा माझी एवढीच विनंती. मुलाच्या शाळा-कॉलेजात गेलात, तर “तो तुमच्याशी काय बोलला?” असे विचारू नका. “इथे बोललेले कुठे नोंदवतात, ते कोण वाचते, आणि आम्हाला केव्हा कळवाल?” असे विचारा. मुलाला म्हणा, “तुला वाटेल तेव्हा सांग, मी आहे.” मात्र जिवाचा प्रश्न वाटला तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो घरात सर्वांना ठाऊक असू द्या.

आपल्या बाप्पाचे कान सुपाएवढे. तो सगळ्यांचे ऐकतो आणि एकाचे दुसऱ्याला सांगत नाही. तेवढा विश्वास आपल्या मुलांना आपल्या घरात आणि आपल्या शाळांत मिळो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!