संमतीने शिरणारा चोर

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला संगणकावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी तज्ज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म खडू-फळ्याच्या सहवासात घालविलेला शिक्षक आहे. परंतु आज आपली मुले शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर भरतात, निवृत्त मंडळी हयातीचा दाखलाही त्यावरून पाठवितात. ज्या यंत्रावर घराचा व्यवहार चालतो, त्यात शिरणाऱ्या आगंतुकाची ओळख प्रत्येक कुटुंबास असावयास हवी.

त्याची लक्षणे अशी. ब्राउझर उघडावा, तो नेहमीच्या पानाऐवजी अनोळखी पान पुढे यावे. शोधावे एक आणि पोहोचावे भलतीकडेच. जाहिरातींनी पडदा भरून जावा. नको असलेले पान बदलले तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर व्हावे. ब्राउझर हे महाजालात हिंडण्याचे आपले वाहन होय. त्याचे सुकाणू परस्पर दुसऱ्याच्या हाती जाणे, याला ब्राउझर हायजॅकिंग म्हणतात. आणि असल्या जाहिराती लादणाऱ्या प्रोग्रामास अ‍ॅडवेअर म्हणतात.

यात कोणाचा लाभ, असे आपण विचाराल. आपला प्रत्येक शोध हे लोक आपल्या पानावरून वळवितात आणि दाखविलेल्या जाहिरातींचे पैसे घेतात. शिवाय आपण काय शोधतो, कोठे जातो, याचीही टिपणे ठेवतात.

हा चोर बहुधा दार फोडून येत नाही; आपणच त्यास आत घेतो. एखादा फुकटचा प्रोग्राम उतरवून घेताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ असे न वाचता दाबीत गेलो, की त्याच्याबरोबर दुसरे दोन प्रोग्राम गुपचूप येतात. कारण चौकटीतील बरोबरची खूण आधीच केलेली असते. न वाचता कागदावर अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्याची सावकाराने काय गत केली, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. आपण साक्षर होऊनही तेच करावे काय?

यात अडाण्याचीच फसगत होते असेही नाही. २०१४ मध्ये लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांवर ‘सुपरफिश’ नावाच्या कंपनीचा जाहिराती घुसडणारा प्रोग्राम आधीच बसविलेला येत असे. सुरक्षित पानांतही शिरता यावे म्हणून त्याने यंत्रात स्वतःचे प्रमाणपत्र ठेवले होते, आणि त्याची गुप्त किल्ली सर्व यंत्रांत एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती किल्ली उघड झाली. म्हणजे बँकेच्या पानाचे सोंग घेणे ठकास शक्य झाले. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी व तेथील ३२ राज्यांशी कंपनीस तडजोड करावी लागली, आणि राज्यांना ३५ लाख डॉलर देणे तिने मान्य केले. नव्या कोऱ्या यंत्राचीही ही कथा!

आता उपाय. प्रथम, घाबरू नये. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणे लावावी आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्राम काढून टाकावेत. दुसरे, ब्राउझरमधील एक्स्टेन्शने पाहून अपरिचित असतील ती काढावीत. तिसरे, ज्या संकेतस्थळांना नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली असेल, ती रद्द करावी. कोपऱ्यात उगवणाऱ्या कित्येक जाहिराती तेथूनच येतात. चौथे, ब्राउझर ‘रीसेट’ करावा. क्रोममध्ये तसे केल्याने साठविलेल्या खुणा व पासवर्ड जात नाहीत. शेवटी विंडोजमधील डिफेंडरकडून संपूर्ण तपासणी करावी. भारत सरकारचे सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून अशी साधने विनामूल्य देत आहे. सफाई झाल्यावर बँकेचे व टपालाचे पासवर्ड बदलावेत.

पुनश्च असे घडू नये म्हणून पथ्य एकच: प्रोग्राम त्याच्या मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, आणि ‘कस्टम’ हा मार्ग निवडून प्रत्येक खूण वाचून मगच पुढे जावे.

मात्र एका गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. याच जाहिरातींतून कधी भयंकर सूचना येते: ‘आपल्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा.’ तो फोन करू नये. पलीकडचा मनुष्य गोड बोलून यंत्राचा ताबा घेतो आणि जन्मभराची पुंजी नेतो. पैसे गेलेच, तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आणि तरुणांना एक विनंती. फसलेला वृद्ध लाजेने गप्प बसतो, कारण ‘तुम्हांला कोणी सांगितले होते हात लावायला?’ हा प्रश्न त्याला घरातूनच ऐकावा लागतो. या मौनावरच ठकांचा धंदा चालतो. म्हणून आजोबा-आजींना रागावू नका. त्यांच्याजवळ बसून यंत्र साफ करून द्या आणि करताना समजावून सांगा. आपल्या ज्ञातीतील प्रत्येक शिकलेल्या मुलाने अशी दोन घरे सांभाळली, तरी पुष्कळ काम होईल.