पेटीतली गोधडी

गोधडी कशी शिवतात हे सांगायला मी आलेली नाही. ते तुमच्यापैकी निम्म्यांना माझ्याहून चांगलं येतं, आणि उरलेल्यांच्या घरी ते येणारं कुणीतरी होतंच. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि मिळालेल्या वेळात ती मी दोन-तीनदा सांगणार आहे. कारण रेडिओ ऐकता ऐकता कुणी दूध उतू जातंय का ते पाहायला उठतं, कुणाचं दार वाजतं, आणि नेमकं तेवढंच वाक्य हुकतं. तर गोष्ट अशी, की गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी घरात असेल, तर ती पांघरा. पेटीत ठेवू नका, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवू नका, आणि काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर तर मुळीच लावू नका.

अलीकडे शहरांतून आठवणीची गोधडी शिवून घेण्याची चाल बरीच दिसते. वडिलांचे सदरे, आईची पातळं, आजोबांच्या लुंग्या कापून चौकोन जोडतात. घरी जमत नसेल तर शिवून देणारे मिळतात. चाल चांगली आहे, तिला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण पुढे काय होतं? गोधडी घरी येते, सगळे तिच्यावरून हात फिरवतात, डोळे टिपतात, फोटो काढतात, आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांच्या सोबतीला, आत जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: खराब होईल हो, एकच तर आहे. या उत्तरातली माया मला कळते. हिशेब मात्र चुकलेला आहे. गोधडीला जुनंच कापड का लागतं, याचा जरा विचार करा. कोऱ्या कापडात खळ असते, सूत ताठ असतं; ते अंगाला टोचतं, आणि चार पदरांतून सुई न्यायची तर बोटं दुखून येतात. तेच कापड वर्षानुवर्षं नेसून, दगडावर आपटून, पिळून, उन्हात वाळून मऊ पडलं की त्याला आपण जुनेर म्हणतो. गोधडीला हवं असतं ते हे जुनेर. नऊवारी लुगडं चौघडी केलं की साधारण दोन मीटर लांबीचं होतं, म्हणजे माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकेल एवढं. मध्ये धोतराचे, सदऱ्यांचे तुकडे भरायचे, आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन करत मध्यावर यायचं. पदरापदरांत अडकलेली हवा ऊब धरते, हे ठीक. पण मऊपणा कुणी आणला? शिवणारीने नाही. तो नेसणारीने आणला, तीस-तीस वर्षं खपून. म्हणजे जिच्या आठवणीसाठी गोधडी शिवायची, तिने निम्मं काम स्वतःच्या अंगावर आधीच करून ठेवलेलं असतं. गोधडी मुळात वापरातूनच तयार झालेली वस्तू आहे. ती तयार झाल्या दिवशीच तिचा वापर बंद करायचा, आणि त्याला जपणं म्हणायचं, हे मला पटत नाही.

घरातलंच उदाहरण देते. विरजण कसं जपता? डबीत घालून डबीला कुलूप लावता का? काही दिवसांत ते आंबून वाया जाईल. विरजण टिकतं ते रोज दुधाला लागून. कालच्यातलं चमचाभर आज, आजच्यातलं उद्या. मूळचं दही कधीच पोटात गेलेलं असतं, तरी घरचं विरजण तेच, असं आपण म्हणतो, आणि त्यात खोटं काही नसतं. गोधडीचंही तसंच. ती वरून विरली म्हणून कुणी टाकत नसे. तिच्यावर दुसरं जुनेर चढवायचं, पुन्हा टाके घालायचे, की आधीची गोधडी आतली भर होऊन जाते. अशी जुनी गोधडी उसवली तर आतून आणखी एक गोधडी निघते. आजीचं लुगडं आईच्या पातळाखाली आणि आईचं पातळ मुलीच्या ओढणीखाली. वरून काही दिसत नाही, ऊब मात्र सगळ्यांची मिळून लागते. आणखी एक. विरजण शेजारीपाजारी देतात, म्हणजे एकाच्या घरचं बंद पडलं तरी दुसऱ्याकडून परत आणता येतं. तसेच एका लुगड्याचे तुकडे चार लेकींच्या चार गोधड्यांत घालता येतात. मग आईची गोधडी कुणाकडे राहायची यावरून कुरबूरही होत नाही. दूध फार गरम असलं तर विरजण मरतं, तसं गोधडीलाही… असो, इथे माझी उपमा जरा ताणली जातेय, कळतंय मला. पण मघाशी ज्यांचं वाक्य हुकलं त्यांच्यासाठी पुन्हा सांगते: वापरात राहील तेच टिकेल. पांघरा.

यावर कुणी म्हणेल, रोज पांघरून फाटण्यापेक्षा पेटीत निदान सुरक्षित तरी राहील. त्यांनी पेटी उघडून पाहावी. आपल्या कोकणच्या, मुंबईच्या दमट हवेत बंद कापडावर बुरशी चढते. खळ राहिलेल्या सुती कापडाला कसर लागते, रेशमी-लोकरी तुकड्यात किडे पडतात. आणि एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलेलं कापड त्या घडीवरच चिरतं. ज्यांच्याकडे पैठणी आहे त्या बायका मधूनमधून घडी बदलून ठेवतात ते काही उगाच नाही. आपल्याकडे नवं लुगडं आणलं की जवळच्या बाईला घडी मोडायला देतात, त्यात तिचा मान असतो. आठवणीच्या गोधडीची घडी मोडायला मात्र घरात कुणाचा हात धजत नाही! वापरातली गोधडी फाटते, हे मला मान्य. पण ती फाटलेली दिसते, आणि दिसली की कुणीतरी दाभण घेऊन बसतं. पेटीतली फाटते ते कुणाला कळतही नाही.

हे खूळ माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात, नदीच्या वळणात, जीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथे मिसूरी पेटवे या बाईचा नवरा गेला. तिने त्याचे शेतात राबतानाचे कपडे घेतले, हाताशी वयात आलेली लेक अर्लोन्झिया होती, आणि 1942 मध्ये दोघींनी मिळून त्यांची गोधडी केली. आई तेव्हा काय म्हणाली ते लेकीने पुढे सांगून ठेवलं आहे. त्यात हेतू दोन होते: त्याची आठवण राहावी, आणि त्याच्या मायेखातर आपण ती अंगावर घेऊन झोपावं. एका दमात दोन्ही. आठवण ठेवायची आणि पांघरायची, या तिच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्याच. पुढे 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं, जाणकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रांशी केली, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटंसुद्धा निघाली. जगाला त्या भिंतीवर दिसल्या. शिवल्या होत्या त्या थंडीसाठी. आपण नेमका उलटा क्रम लावतो, भिंत आधी आणि थंडी कधीच नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि तो आपल्याकडे मोठा आहे. गेलेल्या माणसाचे कपडे घरात वापरायचे? बऱ्याच घरांत ते दान करतात, काही ठिकाणी सोडून देतात, आणि अंगावर घेणं अशुभ मानतात. श्रद्धेशी मी वाद घालणार नाही. पण त्याच घरांतली दुसरी रीत त्यांच्याच नजरेला आणून देईन. बाळ जन्मलं की त्याला गुंडाळायला दुपटं कशाचं लागतं? आजीच्या जुन्या लुगड्याचं. कोरं कापड बाळाला टोचतं म्हणून, हे एक. आणि म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य त्याला लाभो, ही त्यामागची मनातली गोष्ट. आजी हयात असो वा नसो, तिच्या लुगड्याचं दुपटं कुणी अशुभ मानल्याचं दिसत नाही. ज्या कापडाला नुकतं जन्मलेलं मूल चालतं, त्याला चाळिशीचा मुलगा का चालू नये? आणि दान करायचं असेल तर जरूर करा. सगळं कपाट थोडंच शिवायचंय? गोधडीला तीन-चार कपडे पुरतात, बाकीचे ज्यांना गरज आहे त्यांच्या अंगावर जाऊ देत. तेही पांघरणंच झालं.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. काही गोधड्या पांघरायच्या नसतातच. जसीमुद्दीन यांच्या 1929 मधल्या ‘नक्षी कांथार माठ’ या बंगाली काव्यात नायिका आपली सारी कहाणी कांथ्यावर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, टाक्यांनी भरते, आणि तो आपल्या कबरीवर पसरावा असं सांगून जाते. पण ती ताटातुटीची कथा आहे. त्या कांथ्याची ऊब घ्यायला तिचा नवरा घरात उरलेला नसतो. अमेरिकेतच एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी एक प्रचंड गोधडी केली आहे. तिचा एकेक तुकडा तीन फूट रुंद, सहा फूट लांब, म्हणजे कबरीच्या मापाचा, आणि त्यावर गेलेल्याचं नाव, कधी त्याचे कपडेसुद्धा शिवलेले. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा 1,920 तुकडे होते. आता ते सुमारे 50,000 झाले आहेत आणि वजन 54 टनांवर गेलं आहे. ही पांघरणार कोण? कुणीच नाही. पण का, ते पाहा. ज्यांची नावं त्यांच्या घरातसुद्धा घ्यायला लोक कचरत होते, त्यांची नावं चारचौघांत मोठ्याने वाचली जावीत म्हणून ती गोधडी आहे. तीसुद्धा कोठारात घालून विसरलेली नाही. ती गावोगाव नेतात, उलगडतात, पुन्हा घडी घालतात, उसवली की दुरुस्त करतात. वापर म्हणजे अंगावर घेणं एवढंच नाही, असं यावरून कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. त्यावर आणखी बोलायला हवं. पण घड्याळाकडे बोट दाखवलं जातंय. आपल्या आईची गोधडी तर 54 टनांची नाही, आणि तिचं नाव घ्यायला आपल्याला कुणाची चोरी नाही. मग ती पेटीत का?

थोडं कामाचं बोलून घेते. नायलॉन, टेरिकॉटच्या पातळांत ऊब बरी लागते पण घाम मुरत नाही, आणि ती टाक्यातून सरकतात. आईची सगळी पातळं तसलीच असतील तर ती एका बाजूला घाला, अंगाकडची बाजू सुती धोतराची किंवा जुन्या चादरीची करा. मशीनवर शिवून घेतली तरी माझी हरकत नाही. कडेची एक ओळ तेवढी घरातल्या माणसांनी हाताने घाला, टाके वाकडे आले तर येऊ देत. पहिली धुलाई थंड पाण्यात, एकटीच. लाल काठाचा रंग सुटतो. वासाचं म्हणाल, तर धुतल्यावर गेलेल्या माणसाचा वास जाईल म्हणून पुष्कळजण गोधडी पाण्याला लावत नाहीत. मला त्यांचं वाईट वाटतं, पण तो वास पेटीतही राहत नाही. तिथे राहतो तो डांबरगोळीचा, आणि तो जायला चांगली दोन दिवसांची उन्हं लागतात.