गाणं आवडीचं, बोलणं इंग्रजीत

दोस्तांनो, या इंग्रजी बैठकीत व्याकरणाचं पुस्तक नको. प्रत्येकानं आवडीचं एक गाणं मोबाईलवर आणायचं, ऐकवायचं आणि ते का आवडतं हे इंग्रजीत सांगायचं. हिंदी गाणंही चालेल. गाऊन दाखवायची सक्ती नाही. माझा आवाज ऐकलात तर कारण कळेल.

सुरुवात कॅट स्टीव्हन्सच्या १९७० च्या ‘फादर अँड सन’पासून करू. गायक एकच, खालच्या पट्टीत बाप, वरच्या पट्टीत मुलगा. एकानं बाप व्हायचं, दुसऱ्यानं मुलगा, आणि वाद घालायचा. नोकरीसाठी पुण्याला जायचं की नाही, यावर आपल्या घरांत उर्दू-मराठीत जे चालतं, तेच इंग्रजीत. मुलींना तर या विषयावर मुद्दे कमी पडायचे नाहीत.

रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये एकाच वाक्यात दोन नकार येतात. गाण्यात ते शोभतं, मुलाखतीत नाही. मी मुलाखती घेतो. उत्तम कोडिंग येणारी मुलं ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की गप्प होतात, आणि नोकरी दुसऱ्याला मिळते. आवडत्या गाण्याबद्दल मात्र तीच मुलं अडखळत का होईना, बोलतात.

कुणी चुकलं तर मध्येच टोकू नका. चूक कागदावर टिपा, शेवटी सांगा. चला, पहिलं गाणं कोण लावतंय?