आच्छादनाखालचा डिस्क प्लेअर

डिस्क प्लेअर टीव्हीला कसा जोडावा, पिवळी, लाल आणि पांढरी पिन कोणत्या भोकात बसवावी, हे बहुतेक घरांतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यामुळे या भाषणाच्या मोजक्या मिनिटांत त्याची उजळणी करण्याचे कारण नाही. भाषणाचा भर एकाच गोष्टीवर आहे, आणि ती गोष्ट वरवर पाहता इतकी किरकोळ वाटते की तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात या यंत्राला दुहेरी उपद्रव होतो: एक, हवेत उडणाऱ्या कापसाच्या तंतूंचा, आणि दुसरा, त्या तंतूंपासून बचाव व्हावा म्हणून घरच्यांनी हौसेने घातलेल्या आच्छादनाचा. पहिला उपद्रव गावाचा असून तो एका घराच्या प्रयत्नाने थांबणारा नाही. दुसरा मात्र सर्वस्वी घरचा आहे आणि तो आजच्या आज थांबवता येतो.

पद्मानगर, कामतघर, नारपोली, शांतीनगर अशा वस्त्यांमध्ये माग आणि माणसे यांच्यामध्ये पुष्कळदा एका भिंतीचेच अंतर असते. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा सतत वरखाली होत असतो आणि त्यामधून आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावत असतो. या घर्षणाने धाग्याचे सूक्ष्म तंतू सुटतात, आणि धाग्याला बळकटी यावी म्हणून लावलेल्या खळीची भुकटीही त्यांच्याबरोबर उडते. हे मिश्रण इतके हलके असते की खिडकीच्या जाळीतून ते सहज आत येते आणि भांड्यांवर, पंख्याच्या पात्यांवर, टीव्हीच्या मागे बसते. डिस्क प्लेअर चालू असताना तर ते नुसते बसत नाही, आत ओढले जाते. यंत्राच्या आतील हवा तापून वरच्या फटींतून बाहेर पडते, तिची जागा घेण्यासाठी खालच्या आणि बाजूच्या फटींतून थंड हवा आत शिरते, आणि या प्रवाहाबरोबर, ज्याला अभिसरण म्हणतात, तंतूही आत जातात.

आत गेलेले तंतू कोठे स्थिरावतात, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची आणि दिशा बदलणारी असते, तर प्लेअरच्या नाजूक भागांना लागणारी वीज काही थोड्या व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी असते. हे रूपांतर करणाऱ्या मंडलाला स्विच मोड पॉवर सप्लाय म्हणतात. या मंडलात आधी विजेची दिशा एकसारखी केली जाते, आणि त्या टप्प्यावर तिचा दाब कमी न होता सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. त्यानंतरच तो उतरवला जातो. हा भाग उष्ण असतो, उच्च दाबाचा असतो, आणि अनेक यंत्रांत तो फटींच्या अगदी जवळ असतो. त्यावर तंतूंचा थर साचला की उष्णता बाहेर पडेनाशी होते. पावसाळ्यात याच थराचे दुसरे रूप दिसते: कापूस हवेतील ओलावा शोषतो, सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना तो आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो, आणि भिवंडीतील पावसाळी हवा बहुतेक काळ याहून कितीतरी दमट असते. ओला झालेला आणि खळीने चिकट बनलेला हा थर दोन टोकांमध्ये पसरला, की त्यातून थोडा थोडा प्रवाह गळू लागतो, गळणाऱ्या प्रवाहाने थर करपतो, करपलेला थर आणखी प्रवाह वाहू देतो, आणि शेवटी ठिणगी पडू शकते. कापसाच्या तंतूला पेट घ्यायला किती वेळ लागतो, हे भिवंडीकरांना सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा यंत्रावर क्रोशाने विणलेला रुमाल, शिवून घेतलेला झालरीचा झगा किंवा प्लास्टिकचे कव्हर घालणारी गृहिणी अथवा घरातील वडीलधारी व्यक्ती यंत्राची काळजीच घेत असते, यात शंका नाही. चूक काळजीत नाही, वेळेत आहे. यंत्र बंद असताना, त्याचा प्लग काढलेला असताना आणि ते पुरते थंड झालेले असताना आच्छादन उपकारकच असते, कारण तंतूंना ते बाहेर अडवते. परंतु पुढची बाजू तेवढी उचलून, डिस्क आत सरकवून, बाकीचे आच्छादन तसेच ठेवून तीन तासांचा चित्रपट पाहणे म्हणजे वरच्या फटी बुजवून आतील हवा कोंडणे होय. आच्छादन अर्धे उचलू नये. ते पूर्ण काढावे, घडी करून दूर ठेवावे, आणि मगच बटण दाबावे. प्लेअर सेटटॉप बॉक्सवर किंवा ॲम्प्लिफायरवर रचून ठेवणे हेही एक प्रकारचे आच्छादनच आहे, फक्त ते खालून घातलेले असते. चारही बाजूंना आणि वर हाताचा पंजा सहज फिरेल एवढी मोकळी जागा असावी.

ही गोष्ट पटण्यासाठी डिस्क प्लेअर हा घरातला एक छोटा माग आहे असे मानले, तर बरेच काही आपोआप स्पष्ट होते. माग बसवताना जॉबर, म्हणजे माग जुळवणारा कारागीर, आधी जमीन समपातळीत आहे का ते पाहतो, कारण माग तिरका बसला तर धोटा नीट धावत नाही. प्लेअरही समपातळीत आणि न डुगडुगणाऱ्या फळीवर हवा, कारण सीडीवरील माहितीच्या दोन लगतच्या वेढ्यांमधील अंतर केवळ १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या सव्वासहाशेव्या भागाइतके असते, आणि लेसरचे भिंग त्या वेढ्यावर सतत नेम धरून असते. कारखान्याशी सामाईक असलेल्या भिंतीवर ठोकलेली फळी म्हणूनच टाळावी. चालत्या मागात शहाणा विणकर हात घालत नाही. सीडीदेखील आतल्या वेढ्यावर मिनिटाला सुमारे ५०० आणि बाहेरच्या वेढ्यावर सुमारे २०० फेरे घेत असते, त्यामुळे अडकलेला ट्रे बोटांनी खेचू नये आणि तडा गेलेली डिस्क मुळीच लावू नये. मागावरचे तंतू माग थांबवून झाडले जातात. प्लेअरच्या फटींवरचे तंतूही प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने, आठवड्यातून एकदा झाडावेत, आणि झाडताना ते आत ढकलले जाणार नाहीत इकडे लक्ष द्यावे. धागा तुटला की माग थांबतो, प्लेअर मात्र लगेच थांबत नाही, कारण सीडीच्या रचनेत तुटलेली माहिती भरून काढण्याची सोय असते आणि वेढ्याच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचे खंड तिला पूर्णपणे सांधता येतात. येथे उपमा थोडी ताणली जाते खरी, पण तिचा मुख्य धागा तुटत नाही. तो धागा असा की, चालत्या मागावर चादर टाकणारा माणूस भिवंडीत शोधून सापडणार नाही, आणि चालत्या प्लेअरवर रुमाल टाकणारे मात्र त्याच गावात त्याच छपराखाली नांदतात.

खंड सांधण्याच्या या सोयीमुळेच डिस्क पुसण्याची रीतही ठरते. डिस्क मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल पुसू नये; कारण सरळ पुसताना उमटलेला ओरखडा वेढ्यांना आडवा छेदतो आणि प्रत्येक वेढ्यात अगदी लहान खंड पाडतो, तर गोल ओरखडा एकाच वेढ्यावरून लांबवर जातो. पुसण्यासाठी भिवंडीत कापडाची वाण नाही, परंतु मागावरून उतरलेले कोरे कापड त्यासाठी वापरू नये, कारण त्यातील खळ चकचकीत बाजूवर ओरखडे पाडते. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड त्याहून बरे. सीडीच्या छापील बाजूलाही तेवढेच जपावे, कारण प्रकाश परावर्तित करणारा पातळ थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो आणि खालचे जाड प्लास्टिक दुसऱ्या बाजूला असते. लग्नाच्या चित्रीकरणाच्या डिस्कवर बॉलपेनने दाबून नाव लिहिण्याची पद्धत या दृष्टीने घातक आहे.

डिस्क घरोघर कशा आल्या, याचा इतिहास एका वाक्यात आटोपण्यासारखा आहे: १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी प्लेअर बाजारात आला, आणि भारतात २००७ साली मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर सामान्य कुटुंबालाही त्या विकत घेणे परवडू लागले. त्याच वर्षी जानेवारीत भिवंडीतील वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे सरकारी वितरण कंपनीच्या वतीने खासगी कंपनीने काम पाहण्याच्या पद्धतीने, टोरेंट पॉवरकडे गेले. वितरण कोणाकडेही असले, तरी मीटरच्या अलीकडची, म्हणजे घरातली जबाबदारी घरच्यांचीच राहते. वीज गेली की प्लेअरचे बटण भिंतीवर बंद करावे आणि वीज परतल्यावर काही मिनिटांनी चालू करावे, कारण परतताना दाब क्षणभर उसळू शकतो. गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, आणि केबलची गोल तारही टीव्हीतून काढावी, कारण विजेचा धक्का त्या वाटेनेही आत येतो.

पुष्कळ प्लेअरना दोनच पिनांचा प्लग असतो आणि त्यांच्या पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तिचा अर्थ असा की यंत्रात दुहेरी विद्युतरोधन आहे आणि त्याला अर्थिंगची गरज नाही. ज्याला तीन पिना असतात त्याची वरची पिन जाड आणि लांब असते, आणि ती लांब यासाठी की प्लग आत जाताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावे. ही पिन कापून किंवा काड्यांच्या साहाय्याने तारा खोचून काम भागवणे हा जिवाशी केलेला खेळ आहे, यापेक्षा सौम्य शब्द त्यासाठी वापरता येत नाही. केंद्र सरकारने २०१२ साली काढलेल्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात २०० वॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा ॲम्प्लिफायर अंगभूत असलेल्या डिस्क प्लेअरचा समावेश होता. होम थिएटरचा असा मोठा संच घेताना भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण पाहून घ्यावी. घरातल्या फलकावर एमसीबी असते ती तारांना अतिरिक्त प्रवाहापासून वाचवते. माणसाला वाचवणारे साधन आरसीसीबी हे आहे, जे ३० मिलिॲम्पिअर प्रवाह गळताच पुरवठा तोडते. ओल्या तंतूंच्या थराविषयी जे वर सांगितले, त्याच्याशी या साधनाचा संबंध आहे, परंतु त्याचा विस्तार आज शक्य नाही.

माळ्यावरून कित्येक वर्षांनी खाली काढलेल्या प्लेअरविषयी मात्र काही वाक्ये आवश्यक आहेत. असा प्लेअर थेट चालू करू नये. तो कोरड्या खोलीत दिवसभर तसाच ठेवावा, म्हणजे भिंगावरचा आणि आतला दमटपणा निघून जाईल, आणि त्याचे झाकण उघडून सफाई करण्याचे काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, काही काळ धक्का देऊ शकतो. शिवाय सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा असतो. झाकण बंद असताना तो निरुपद्रवी असला, तरी उघड्या यंत्रात डोकावून भिंग लागते की नाही हे पाहणाऱ्याचे डोळे त्या प्रकाशाने दिपत नाहीत आणि म्हणून मिटतही नाहीत. भिंगावर तोंडाने फुंकर मारू नये आणि थिनर तर लावूच नये.

डीव्हीडीचे दोन थर, त्यांचा ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर आणि उन्हात ठेवलेल्या डिस्क का वाकतात, हे विषय वेळेअभावी बाजूला ठेवणे भाग आहे. श्रोत्यांनी एवढी एक गोष्ट घरातल्या सर्वांना, विशेषतः दुपारी एकट्याने मालिका आणि भजनांच्या डिस्क लावणाऱ्या आजी-आजोबांना, आजच सांगावी: आधी आच्छादन पूर्ण काढावे, मग प्लग लावावा, मग बटण दाबावे; आणि बंद करताना आधी बटण, मग प्लग, आणि यंत्राला हात लावून ते थंड झाल्याची खात्री झाल्यावरच आच्छादन. रुमाल कितीही सुंदर विणलेला असला तरी हा क्रम बदलू नये, आणि तो टीव्हीलाही लागू आहे, सेटटॉप बॉक्सलाही लागू आहे, इन्व्हर्टरच्या बाबतीत तर त्याहूनही अधिक, कारण तेथे बॅटरीमुळे आणखी एक प्रश्न उभा राहतो, पण त्यासाठी स्वतंत्र भाषणच हवे.