द्वाड मूल आणि उपचार



सोबत्यांच्या वस्तू उचलणारा आणि विचारले असता अंगावर धावून येणारा एखादा मुलगा प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला येतो. माझ्याही वाट्याला आला होता. भर वर्गात उभा करून मी त्याला नाही नाही ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही. चोऱ्या थांबल्या, मुलगा मात्र हातचा गेला. ती रुखरुख अजून गेलेली नाही.

प्रत्येक खोडी म्हणजे आजार नव्हे. परंतु मारहाण, चोरी, नासधूस, घरातून पळून जाणे असे वर्तन वर्षभर चालूच राहिले, तर वैद्यक त्यास वर्तनविकार म्हणते. चोरीची किंवा जाळपोळीची ऊर्मी वारंवार अनावर होणे हे दुखणे निराळे. त्याची गणना आवेग-नियंत्रणाच्या विकारांत होते.

मग यावर औषध कोणते? वर्तनविकार बरा करणारी गोळी नाही. लहान वयात उपचार सुरू होतो तो आईबापांपासून! अमेरिकेतील ओरेगॉन येथे गेराल्ड पॅटर्सन यांनी घराघरांतील एक दुष्टचक्र दाखवून दिले. मूल आकांत करते, पालक आधी रागावतात आणि मग कंटाळून माघार घेतात. आकांताने काम साधते, हा धडा मूल त्यातूनच गिरवते. म्हणून चांगल्या वागण्याची तत्काळ दखल घ्यावी, नियम मोजके असावेत आणि चुकल्यास होणारी शिक्षा सौम्य, परंतु न टळणारी असावी. मोठ्या मुलांना राग ओळखून थांबण्याचा सराव द्यावा लागतो. घर, शाळा व सोबती या सर्वांचा विचार एकत्र करावा लागतो. सोबत अतिचंचलता असल्यास डॉक्टर मिथाइलफेनिडेट देतात. आक्रमकता फारच तीव्र असल्यास रिस्पेरिडोन काही काळ देतात, तेही वजन व रक्त तपासत.

आपल्या वडोदऱ्यात सयाजीराव रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, कारेलीबागेत मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. २०२२ साली सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. तेथे जाण्यात कमीपणा कसला? आणि शाळेतील छडी व अपमान यांना तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानेच मनाई केली आहे.

१९०६ साली सयाजीराव महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलाला शाळेत आणण्याची सक्ती त्यांनी केली. त्याला शाळेत टिकविण्याची सक्ती आपण स्वतःवर करावयाची आहे.