धान उभं असतानाच लाखोळी

आम्ही लाखांदूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आज बोलायचं आहे ते पुण्या-नागपुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला असलेल्या आपल्या पोरापोरींबद्दल. तुम्ही म्हणाल, धान रोवणाऱ्या बायांना त्यातलं काय कळतं? आम्हीही असंच म्हणत होतो.

आमच्या गटातल्या एकीची लेक पुण्यात नोकरीला होती. लॅपटॉपसाठी तिला गटानेच कर्ज दिलं होतं. दर महिन्याला ती घरी पैसे पाठवायची. दिवाळीत आली तेव्हा आईला कळलं, की नोकरी जाऊन तीन महिने झाले. मधले पैसे तिने क्रेडिट कार्डावर उचलून पाठवले होते. "तुला सांगितलं असतं तर तू गटात मान खाली घालून बसली असतीस," पोरगी म्हणाली. ते ऐकून आम्हा सगळ्यांचीच मान खाली गेली.

मग आम्ही तिलाच गटाच्या बैठकीत बसवलं आणि विचारलं, हे होतं कसं? ती म्हणाली, आमचं बरंच काम अमेरिका-युरोपच्या कंपन्यांचं. त्यांनी हात आखडला की इथलं काम आटतं. २००८ मध्ये तिकडे बँका बुडाल्या, तेव्हा कितीतरी पोरांच्या हातात ऑफर लेटर होतं आणि रुजू व्हायची तारीख मात्र पुढे पुढे जात होती. २०२५च्या जुलैत टीसीएससारख्या मोठ्या कंपनीने सुमारे १२,००० लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे नोकरी गेली की पोरगं नालायकच निघालं, असं नसतं. पाऊस गेला म्हणून शेतकऱ्याला कोणी आळशी म्हणतं का?

आपण लाखोळी कधी टाकतो? धान उभं असताना, बांधीत ओल आहे तोवर. धान कापून जमीन वाळली की टाकलेलं बी उगवत नाही. नोकरीचंही तसंच. नवीन काम शिकायचं, जुन्या सोबत्यांशी बोलणं ठेवायचं, ते पगार सुरू असताना. घरी बसल्यावर डोक्यात काळजीच इतकी असते, की शिकणं होत नाही. हे त्या पोरीचंच बोलणं.

पैशाचं आपल्याला कळतं. कितीही अडचण आली तरी बियाण्याचं धान आपण कुटायला काढत नाही. तसा सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात राहू द्यावा. आणि इथे चूक आपलीही असते, बरं का. पोराला नोकरी लागली की आपण लगेच स्लॅबचं घर काढतो, लग्न मोठं करतो, हप्ते त्याच्या नावावर. नुसत्या ऑफर लेटरवर तर शेत गहाण टाकूच नका.

आणखी एक. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर बहुधा संपतो, म्हणून घरचा वेगळा असावा. कंपनीचा लॅपटॉपही परत जातो. त्या पोरीच्या पगाराच्या पावत्या त्यातच राहिल्या आणि पुढच्या ठिकाणी त्याच मागितल्या. नेमणुकीचं पत्र, पावत्या, फॉर्म १६, पीएफचा यूएएन नंबर, हे सगळं स्वतःच्या ईमेलवर हवं. कंपनीची गुप्त माहिती मात्र काढायची नाही. पीएफला स्वतःचाच मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, हेही बघायला सांगा.

आज संध्याकाळी फोन आला की "जेवलास का" झाल्यावर एवढं विचारा, "काम कसं चाललंय? नाही चाललं तरी सांग." पहिल्यांदा पोरं टाळतील. आमच्याकडे दोघींच्या पोरांनी टाळलंच.

त्या लेकीला फेब्रुवारीत नागपूरला काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी आहे. तिच्या लॅपटॉपचे तीन हप्ते आम्ही ठराव करून पुढे ढकलले होते. त्यातला पहिला या महिन्याच्या बैठकीत जमा झाला.