पाताळपाणीची सहल
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

बाप्पाला वंदन करून बोलतो. विषय दिलाय पावसाळी सहल, आणि इंदूरकराची पावसाळी सहल म्हणजे पाताळपाणी. त्या धबधब्यापुढचा एक तरी फोटो नाही, असं घर या सभागृहात सापडणं कठीण.

आमच्या लहानपणी मीटर गेजची गाडी होती. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, तेव्हा ही खंडवा-इंदूर लाइन झाली. आई दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घ्यायची. पाताळपाणीला टंट्यामामांचं ठाणं आहे. 1889 मध्ये जबलपूरला फाशी गेलेला तो भिल्ल वीर. गाडी तिथे क्षणभर थांबायची, आम्ही डब्यातूनच हात जोडायचो. पुढे बोगदे, आणि कालाकुंडला पानावरचा कलाकंद.

हे सगळं गोड आहे. पण आज मला दुसरं सांगायचंय.

मुलं लहान असताना आम्ही दोन-तीन कुटुंबं तिथे गेलो होतो. पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं. धबधब्याच्या वर, नदीच्या पात्रातल्या एका मोठ्या खडकावर मीच सतरंजी अंथरली. पाणी घोट्याएवढं. एक गुराखी काठावरून हात हलवून ओरडत होता, पाणी गढूळ झालंय, निघा म्हणून. मी हसलो. म्हटलं, दादा, आभाळ तर बघा! सौ. मात्र काही न बोलता मुलांना घेऊन उठली, म्हणून मीही कुरकुरत उठलो. काठावर येऊन चपला घालतो तोवर आमचा खडक दिसेनासा झाला होता. सतरंजी गेली. त्या गुराख्याचे आभार मानायचंही मला सुचलं नाही.

2011 च्या जुलैमध्ये त्याच पात्रात इंदूरचं एक कुटुंब अडकलं. पाच जण वाहून गेले, त्यातले तिघे दगावले. ते चित्रण आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. लोक म्हणाले, एवढं कळू नये? मी गप्प राहिलो. कारण मलाही कळलं नव्हतं.

कळत का नाही, ते सांगतो. आपल्या खान नदीचं पाणी उत्तरेला क्षिप्रेकडे जातं, पण चोरल विंध्याचा उतार उतरून दक्षिणेला नर्मदेला मिळते. वरच्या पठारावर सर आली की भिजलेली जमीन आणि काळा पाषाण ते पाणी धरून ठेवत नाहीत, सगळं नदीत उतरतं. आपल्या डोक्यावर ऊन आणि वर कुठेतरी पाऊस, असं सहज होतं. आणि पुढे सुमारे 300 फुटांचा कडा.

म्हणून तरुण मंडळींना विनंती. जरूर जा. पण धबधबा कठड्याच्या आतून बघा, पात्रात उतरू नका. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की फोटो-बिटो सोडून वर या. रुळांवरून, बोगद्यांतून पायी जाऊ नका. आणि गावातला माणूस काही सांगत असेल तर त्याचं ऐका, माझ्यासारखं हसू नका.

ज्येष्ठांनाही एक सांगतो. सहलीत नको म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही. पोरं म्हणतात, काय आजोबा, मजा घालवली! घालवू द्या. ते काम आपलंच आहे.

अनंत चतुर्दशीला बाप्पाला पोहोचवतानाही आपण आधी पाणी बघतो, मग पाय टाकतो. एवढंच पाताळपाणीलाही लक्षात ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!